विनोदी कथाकाव्य उसवून बघू: मात्रा, यमक आणि पालुपद

तिरपागडे (धागाकर्ता)

विनोदी कविता फसली की लोक ‘विनोद जमला नाही’ म्हणतात. बऱ्याचदा विनोद ठीक असतो, फसलेली असते ती मोजणी. हसू यायच्या ओळीवर जीभ अडखळली, की ऐकणारा अर्थ सोडून ओळ सावरायला लागतो. म्हणून एक छोटं कथाकाव्य घेऊन ते शिवणीपासून उसवायचा हा धागा. कविता या धाग्यासाठीच रचली आहे. काही दोष मुद्दाम ठेवलेत, तेही शोधा. साचा पादाकुलक वृत्ताचा: ओळीला १६ मात्रा (मात्रा म्हणजे उच्चाराच्या वेळेचं माप), आठावर यती (विसावा).

तात्या घेती छत्री भारी,
काळी काळी, मूठ रुपेरी;
तात्या निघती भेटीगाठीला,
छत्री आपली काखोटीला!

पाऊस आला, सुटला वारा,
चौकामध्ये तळे नि गारा;
धोतर चिकटे लंगोटीला,
छत्री आपली काखोटीला!

“उघडा तात्या, उघडा छत्री!”
म्हणती सारे, हसती कुत्री;
“भिजेल ना ती!” वर पुष्टीला
छत्री आपली काखोटीला!

घरी पोचता एकच घाई,
“छत्री माझी कोठे नाही!”
दिसते साऱ्या पण सृष्टीला
छत्री आपली काखोटीला!

‘छान आहे’ आणि ‘+१’ नकोत. कुठली ओळ, कितवी मात्रा, काय बिघडलं, ते लिहा.

मात्रामापक

आधी मोजायचं कसं ते लिहितो, म्हणजे पुढचे वाद एकाच फूटपट्टीवर होतील.

अ, इ, उ, ऋ आणि त्यांची व्यंजनं लघु, १ मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ गुरू, २ मात्रा. अनुस्वार ठणठणीत उच्चारला जात असेल तर ते अक्षर गुरू (‘लंगोटी’तला लं). जोडाक्षराच्या आधीचं लघु अक्षर आघात आला तर गुरू होतं: ‘छत्री’तला छ, ‘कुत्री’तला कु, ‘मध्ये’तला म, ‘पुष्टी’तला पु. आघात नसेल तर ते लघुच राहतं: ‘तुम्ही’, ‘पुन्हा’, ‘दुसऱ्या’. नवशिक्यांची निम्मी गफलत इथेच होते, संस्कृतचा नियम डोळे मिटून लावला जातो.

आता पहिली ओळ:

तात्या घेती | छत्री भारी
२+२+२+२ | २+२+२+२ = १६

आणि जिथे बिघडलंय ती तिसरी:

तात्या निघती | भेटीगाठीला
२+२+१+१+२ | २+२+२+२+२ = ८ + १० = १८

दोन मात्रा जास्त. डोळ्याला कळत नाही, कारण ‘भेटीगाठीला’ हा शब्द तोंडात रुळलेला आहे. टाळीवर म्हणून बघा. दर आठ मात्रांना एक टाळी, केहरवा तालही आठ मात्रांचाच, त्यामुळे मोबाइलवर ठेका लावला तरी चालेल. ‘ला’ पुढच्या टाळीच्या अंगावर जाऊन पडतो आणि पालुपद उशिरा सुरू होतं. म्हणजे इथे दोष तिसऱ्या ओळीत आहे, पण नुकसान चौथीचं होतंय.

दुसऱ्या कडव्यात ‘पाऊस आला’ = २+२+१+२+२ = ९. गद्यात पाऊस दीर्घच, पण पद्यात ‘पाउस’ ही सवलत जुनी आहे. ‘पाउस आला’ = ८. लिहितानाच ऱ्हस्व लिहा. वाचणाऱ्याने समजून घ्यावं अशी अपेक्षा ठेवली की तो दीर्घच वाचतो.

एरंडाचं_गुऱ्हाळ

तिसरी ओळ ‘निघती भेटीला, गाठीला’ केली तर? नि-घ-ती ४, भेटीला ६, गाठीला ६. बरोबर १६.

मात्रामापक

बेरीज बरोबर आहे, पण यती कुठे पडला बघा: निघती भेटी | ला गाठीला. आठवी मात्रा ‘टी’वर संपते आणि ‘ला’ पलीकडे लोंबतो. हा यतिभंग. गंभीर कवितेत एखादा खपून जातो, विनोदी कथेत नाही. कारण इथे गोष्ट एका दमात समजावी लागते, आणि मोडलेला शब्द ऐकणाऱ्याला मनात जोडून घ्यावा लागतो.

‘तात्या निघती मग भेटीला’ हेही १६ होतं, पण ‘मग’ निव्वळ भरीचा. मी सुचवतो:

निघती तात्या | जनभेटीला
१+१+२+२+२ | १+१+२+२+२ = १६

दोन मात्रांची जागा ‘जन’ने भरली आणि तात्यांना फुकटात आमदारकीचा थाट मिळाला. भर घालायचीच तर ती पात्राच्या अंगावर चढेल अशी घालावी.

यमकबहाद्दर

यमकांकडे येतो.

‘भारी / रुपेरी’ हे यमक नव्हे. शेवटचं ‘री’ जुळलं, त्याच्या आधीचा स्वर एकीकडे आ, दुसरीकडे ए. मराठी कानाला किमान उपान्त्य (शेवटून दुसऱ्या) स्वरापासून पुढचं सगळं जुळलेलं लागतं. आणि हे पहिल्याच जोडीत आहे, तिथे तर अजिबात चालणार नाही. पहिल्या दोन ओळी वाचकाला सांगतात की पुढे काय दर्जाचं यमक येणार. तिथे ढिलाई दिसली की तो पुढच्या यमकाची वाटच बघत नाही, आणि वाट न बघणाऱ्याला चकवता येत नाही.

दुरुस्ती: ‘काळी, वरती मूठ करारी’. मोजा: का-ळी-व-र-ती ८, मू-ठ-क-रा-री ८. भारी/करारी पक्कं. शिवाय करारी मूठ माणसाची असते, इथे ती छत्रीला मिळाली, हा वरचा नफा.

मग ‘छत्री / कुत्री’ का चालतं? तिथेही छ आणि कु यांचे स्वर वेगळे आहेत. दोन कारणं. एक, तिथे त् + र + ई असा लांब पट्टा जुळतो आणि दोन्ही शब्दांत पहिल्या अक्षरावर सारखाच आघात येतो, त्यामुळे कानाला जुळणी जास्त वाटते. दोन, ‘हसती’ ऐकल्यावर माणसं हसणार असं वाटतं आणि येतात कुत्री. अर्थाचा धक्का स्वराची उणीव झाकतो. ‘रुपेरी’मध्ये धक्का वगैरे काही नाही, फक्त रंग आहे.

पालुपदाचं यमक मात्र निवडून घेतलेलं दिसतं. ‘काखेमध्ये’ घेतलं असतं तर ‘-मध्ये’ला दुसरं काय जोडणार? कविता सुरू करण्याआधी पालुपदाच्या शेवटाशी जुळणारे शब्द कागदावर काढावेत आणि ते कडव्यांच्या निदान दुप्पट भरले तरच ते पालुपद घ्यावं. ‘-ओटीला’ला लंगोटी, कसोटी, कोटी, रोटी, ओटी, गोटी असा भरपूर माल आहे.

एक तक्रार. या यमकांची प्रत बघा: जनभेटीला (टीला जुळतं), लंगोटीला (ओटीला, पूर्ण जुळतं), पुष्टीला आणि सृष्टीला (ष्टी विरुद्ध टी, जेमतेम). सगळ्यात खणखणीत यमक दुसऱ्या कडव्यात खर्च झालं आणि शेवटी सगळ्यात बारीक उरलं. उतरती भाजणी झाली. शेवटच्या कडव्यात ‘पोर हासते वर ओटीला’ असं काही घेता येईल. ८+८ आहे.

कोपऱ्यातला_झीलकरी

बहाद्दर, ‘वर ओटीला’ म्हणजे काय? पोर ओटीवर हसेल. यमकासाठी विभक्ती वाकवली की विनोद तात्यांवरून उठून कवीवर येतो.

आणि प्रत्ययाच्या यमकाचा धोका इथे कुणीतरी सांगायला हवा. ‘-ला’ हा प्रत्यय आहे, तो मराठीतल्या कुठल्याही नामाला लागतो. नुसता ‘ला’ जुळवून ‘घराला / गाडीला’ केलं तर ते यमक फुकटचं, कान ते धरतच नाही. म्हणून प्रत्यय सोडून उरलेल्या शब्दात यमक आहे का ते बघायचं: लंगोटी/काखोटी आहे, भेटी/काखोटी अर्धं आहे. हीच कसोटी ‘-णे’, ‘-तो’, ‘-ले’ वर संपणाऱ्या क्रियापदांना लावा. निम्म्या कविता तिथेच गळतील.

सृष्टीला मी ठेवीन. कारण यमकाबाहेरचं आहे, पालुपदावर बोलताना लिहितो.

शून्य_ठसा

सगळे बाकीच्या ओळी मोजताहेत आणि पालुपदाला कुणी हातच लावत नाही! छत्री आपली = २+२+२+१+२ = ९. आख्खी ओळ १७. चारदा आली म्हणजे दोष चारदा.

तिरपागडे

बोलताना आपण ‘आप्ली’ म्हणतो. आप् २, ली २. ओळ १६च.

शून्य_ठसा

मग ‘मूठ करारी’त मूठ तीन का धरली? बोलताना तिथेही ठ तोडकाच आहे. ‘देव’ तीन, ‘लोक’ तीन, ‘मूठ’ तीन आणि ‘आप’ तेवढा दोन? एका कवितेत दोन मापं नकोत. ‘अपुली’ लिहा: १+१+२ = ४. ‘छत्री अपुली काखोटीला’, निर्दोष १६.

मात्रामापक

शून्य ठसा यांचं गणित बरोबर आहे, पण उपाय मला पटत नाही. ‘अपुली’ म्हटलं की अर्थ ‘स्वतःची’ एवढाच होतो, आणि शब्द भावगीतातला वाटतो. ‘छत्री आपली काखोटीला’ यातला ‘आपली’ मालकीचा नाहीच. ‘तो आपला बसलाय’ म्हणतो तसला, खांदे उडवणारा आहे. पालुपदाचा सगळा विनोद त्या खांदे उडवण्यात आहे. ‘छत्री त्यांची’ केलं तरी १६ होतात आणि तरी ओळ मरते.

ही सवलत घ्यायची असेल तर दोन अटी. ती प्रत्येक वेळी त्याच शब्दावर, त्याच जागी असावी, आणि तिच्या आधीच्या ओळी काटेकोर असाव्यात. आधी तीन ओळी चोख १६ म्हटल्या की जीभ आपोआप ‘आप्ली’ करते. म्हणूनच तिसऱ्या ओळीतला १८ चा घोळ दुप्पट महाग पडत होता.

आणि एक बघा. ‘आप्ली’ धरून ओळ तोडली तर छत्-त्री-आप्-ली-का-खो-टी-ला: आठही गुरू, एकही लघु नाही. तिच्या आधीची ‘धोतर चिकटे लंगोटीला’ घ्या, त-र-चि-क चार लघु, ओळ पळते. पळती ओळ आणि मग ठाण मांडलेली ओळ. तात्या हलत नाहीत, छत्री हलत नाही, हे अर्थाआधी चालीतून कळतं. ‘अपुली’ केलं की दोन लघु घुसतात आणि हे ठाण सुटतं.

शून्य_ठसा

आठ गुरूंचा मुद्दा मान्य. पण छापताना ‘आपली’ छापाल तर कुणीतरी सतरा मोजणारच, आणि तो मी असेन.

कोपऱ्यातला_झीलकरी

आता पालुपद. पुनरावृत्ती नुसती असून भागत नाही, तिने दर वेळी वेगळं काम केलं पाहिजे. तपासायची रीत सोपी: प्रत्येक कडव्यातली फक्त तिसरी-चौथी ओळ एकाखाली एक लिहा, वरचं झाका आणि पालुपदाचा अर्थ वेगळा लागतो का बघा.

जनभेटीला + पालुपद: मिरवणं.
लंगोटीला + पालुपद: अंग भिजलं, छत्री कोरडी. विरोध.
पुष्टीला + पालुपद: इथे ते स्वतंत्र वाक्यच राहत नाही. ‘वर पुष्टीला छत्री काखोटीला’, म्हणजे तात्यांच्या युक्तिवादाचा पुरावा म्हणून छत्री सादर.
सृष्टीला + पालुपद: ‘दिसते’ या क्रियापदाशी सांधलं जातं. जगाला काय दिसतं, तर हे.

म्हणजे पहिल्या दोन कडव्यांत पालुपद सुटं, पुढच्या दोनांत वाक्यात गुंतलेलं. हे गुंतणं ‘सृष्टीला’मुळे होतं, म्हणून यमक बारीक असूनही मी ते सोडणार नाही. ‘पोर हासते’ घेतलं तर पालुपद पुन्हा सुटं पडेल.

पालुपद किती वेळा? वाचायच्या कवितेत तीन-चारदा, त्यापुढे नजर ती ओळ गाळून पुढे जाते. म्हणायच्या, गायच्या रचनेत हिशेब वेगळा. भारुडात पालुपद सगळे मिळून उचलतात, पोवाड्यात झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार) ‘जी जी’ ओढतात, तिथे दहा वेळा आलं तरी ते श्रोत्याचं स्वतःचं काम असतं. आधी ठरवा कविता कागदावर राहणार की तोंडात.

बारीक पुनरुक्तीही बघा. मूळ पाठातलं ‘काळी काळी’ नुसती भर होती, गेली ते बरं. ‘उघडा तात्या, उघडा छत्री’ मात्र पक्की पुनरुक्ती: पहिल्या ‘उघडा’नंतर स्वल्पविराम सैल ठेवलाय, आणि मागच्याच कडव्यात लंगोटी येऊन गेली आहे. म्हणणाऱ्याने ‘उघडा तात्या’ एका श्वासात म्हटलं तर लोक तिथे एकदा हसतील आणि ‘छत्री’वर दुसऱ्यांदा.

एरंडाचं_गुऱ्हाळ

कथेत मला भोक दिसतं. छत्री हरवली म्हणून बोंब झाली आणि लगेच पुढच्या ओळीत उलगडा. शोधाशोध कुठाय? ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ ही म्हण सगळ्यांच्या मनात वाजतेय आणि वळसाच गायब. ‘घरी पोचता’ आणि ‘दिसते साऱ्या’ यांच्या मध्ये असं घाला:

शोधुन झाले गोठे, माळे,
देवळातले उघडुन टाळे,
गावाला या वळसा वळसा,
कोठे छत्री? कोठे कळसा?

कोपऱ्यातला_झीलकरी

हे जमलंय. मुख्य म्हणजे या कडव्यात पालुपद नाही. तीनदा मिळाल्यावर कान चौथ्यांदा मागतो, आणि ते देत नाही म्हणून शेवटचं जोरात बसतं. रोखून धरणं हाही पुनरावृत्तीचाच भाग. मात्रा तपासल्या, चारही ओळी ८+८. ‘देवळातले उघडुन’मध्ये लघूंची रांग लागते, धावपळीला ते बरंच.

पण जोडणी बदलावी लागेल. ‘कोठे नाही’च्या कडव्याच्या दोन ओळी, मग हे कडवं, मग ‘दिसते साऱ्या’ची दोन ओळींची गाठ. चार-चारची शिस्त मोडते.

यमकबहाद्दर

शिस्त मोडू दे, शेवटी मोडलेली चालते. माझा आक्षेप ‘कळसा’ला. म्हण उघड सांगून टाकली, आता शेवटच्या ओळीत राहिलं काय?

एरंडाचं_गुऱ्हाळ

छत्री कुठे आहे हे वाचकाला पहिल्या कडव्यापासून माहीत आहे, लपवाछपवी मुळात नाहीच. तात्यांना माहीत नाही, याचं हसू आहे. त्यात वळसा/कळसा हे यमक म्हणीतच तयार मिळालेलं, ते कुठल्याही वाचकाच्या कानात आधीपासून असतं.

यमकबहाद्दर

अर्धं पटलं. तरी मी ‘कोठे छत्री? कोठे छत्री?’ करून ‘वळसा’ला बिनयमकाचा लटकवीन. म्हण वाचकाने स्वतः पूर्ण केली की तो जास्त हसतो.

पंतांचा_परटघडी

थोडं वृत्ताच्या निवडीबद्दल. हीच गोष्ट दुसऱ्या साच्यांत ओतून बघा, फरक लगेच कळतो.

साकी, १६+१२:
तात्या घेती छत्री भारी, मिरवित जाती गावी;
पाउस येता भिजती आपण, छत्री नीट जपावी!

कथा सांगायला साकी फार सोयीची, १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’पासून नाटकांनी साकी-दिंडी या वृत्तांतून कितीतरी कथाभाग पुढे ढकलला. पण यमक २८ मात्रांनी येतं, म्हणजे कोपरखळ्या कमी आणि निवेदन जास्त. मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्या म्हणून जी आपण ओळखतो ती बहुतांशी गीती हे वृत्त, १२+१८ मात्रांचं. तिथे यमकासाठी ३० मात्रा थांबायचं. झटपट हशा हवा असेल तर ती लांब पडते.

अभंग, ६-६-६-४, इथे मात्रा नाहीत, अक्षरं मोजायची:
छत्री घेती तात्या / पाऊसही आला / काखेमध्ये झाला / दांडा धन्य

इथे ‘पाऊस’ दीर्घ ठेवला तरी बिघडत नाही. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, आणि शेवटचा चार अक्षरांचा तुकडा बिनयमकाचा. विनोदाला तो तुकडा उत्तम: तीन चरण गंभीर चेहऱ्याने म्हणायचे आणि चौथ्यात टाकून द्यायचं.

भुजंगप्रयात, चार य-गण (तीन अक्षरांचे गट), बारा अक्षरं, लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा:
असे छत्रि तात्यांचिये काखभागी

हे वृत्त मनाच्या श्लोकांमुळे प्रत्येक मराठी कानात उपदेशाच्या सुरात बसलेलं आहे. त्यात छत्री घातली की विडंबन आपोआप होतं. तोटा असा की प्रत्येक अक्षराची जागा बांधलेली, संवाद घालताना ‘अहो’, ‘ना’, ‘की’ यांची कसरत होते. एका कडव्यापुरतं ठीक, आख्खी गोष्ट त्यात सांगायला हात बसलेला लागतो. संवाद असलेल्या विनोदी कथेला आठ-आठचा साचाच बरा. कवी माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ या वृत्तांवरच्या ग्रंथात या अष्टमात्रक घाटाला पद्मावर्तनी म्हटलंय. नाव लक्षात राहिलं नाही तरी टाळी लक्षात ठेवा.

शून्य_ठसा

भुजंगप्रयाताची ओळ मोजली. बारा अक्षरं, वीस मात्रा, गण शुद्ध. ‘छत्रि’ ऱ्हस्व केलंय पण वृत्तात ती मुभा आहे. तक्रार नाही.

तिरपागडे

सुधारित पाठ असा धरतो: ‘मूठ करारी’, ‘जनभेटीला’, ‘पाउस’, आणि शोधाचं कडवं घातलेलं. ‘आपली’ आहे तसं. ‘कळसा’वर मत फुटलंय, वाचून दाखवणाऱ्याने आपल्या श्रोत्यांप्रमाणे ठरवावं.

मात्रामापक

एक राहिलं. चारही पालुपदांना उद्गारचिन्ह आहे. पहिली तीन ठेवा, शेवटचं काढून पूर्णविराम द्या आणि ‘सृष्टीला’नंतर काही चिन्ह देऊ नका. तिथे थांबलं तर ‘दिसते’ आणि ‘छत्री’ यांचा सांधा तुटतो. म्हणतानाही शेवटची ओळ आवाज न चढवता, पण आठही गुरू पूर्ण लांबीचे म्हणायचे. घाईत ‘काखोटिला’ झालं की एक मात्रा गेली.